अंगणवाडी ही केवळ खिचडीची जागा नव्हे

‘अंगणवाडीत काय, खिचडी खायची आणि घरी यायचे, खरे शिक्षण पहिलीपासून,’ हे विधान सुशिक्षितांच्या बैठकीत आणि ग्रामसभेतही इतक्या वेळा कानी पडते की त्याचा सविस्तर समाचार घेणे आता भाग आहे. स्वतःच्या तीन वर्षांच्या अपत्याला नर्सरीत प्रवेश मिळावा म्हणून जिवाचे रान करणारा गृहस्थच जेव्हा मजुराच्या मुलाला सहाव्या वर्षापर्यंत पोटभर अन्न मिळाले म्हणजे पुरे, असे निःशंकपणे सांगतो, तेव्हा त्यातील अज्ञानापेक्षा अन्यायाचीच चीड अधिक येते.

वस्तुतः अंगणवाडीचा जन्मच शिक्षणाच्या तळमळीतून झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही चालविली. महागड्या साधनांवाचून त्यांचे काही अडले नाही. चिंचोक्यांचे लहानमोठे ढीग करणारे मूल अधिकउणे शिकत असते, आणि शिंपले एकाआड एक मांडताना क्रम त्याच्या बोटांतून बुद्धीत उतरत असतो. पाहणाऱ्याला मात्र तो निव्वळ खेळ वाटतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या सहा सेवांत पूरक आहार आणि लसीकरण यांच्याबरोबर पूर्वशालेय शिक्षणही होते. पुढे वजने, गृहभेटी, गरोदर मातांच्या नोंदी आणि मोबाईलवर भरावयाची माहिती हा सारा कारभार एका सेविकेच्या शिरी आला. शिकविण्यास वेळ उरेना, आणि लोकांनी निष्कर्ष काढला की येथे शिक्षण होतच नाही! तामिळनाडूतील ६४० केंद्रांवर कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, निम्म्या केंद्रांना अर्धवेळ काम करणारी आणखी एक कार्यकर्ती देताच शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा व गणित सुधारले, आणि खुंटलेल्या वाढीचे प्रमाणही घटले. आहार आणि शिक्षण यांत वैर आहे असे मानणाऱ्यांनी हा शेवटचा मुद्दा पुन्हा वाचावा.

तिसऱ्या वर्षी पाटीवर अक्षरे गिरवून घेणारी शाळाच चांगली, हाही एक भ्रम. त्या वयात गोष्टी, गाणी आणि मोकळे संभाषण यांतूनच वाचनाचा पाया घातला जातो. खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागा पहिलीपासूनच असतात, हेही सरसकट खरे नाही; शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास शिक्षणहक्क कायद्याने ती तरतूद तेथेही लागू केली आहे. परंतु त्याच कायद्याचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क तिसऱ्या वर्षापासून मिळतो, हा समज चुकीचा; तो ६ ते १४ वयोगटापुरताच आहे, आणि त्यापूर्वीच्या वर्षांची तजवीज कलम ११ ने सरकारच्या मर्जीवर सोडली आहे. ही उणीव दूर झालीच पाहिजे.

‘आमच्या वस्तीत अंगणवाडी मंजूरच नाही, मग करायचे काय,’ असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा हुकूम ठाऊक असावा: सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या, अंगणवाडी नसलेल्या ग्रामीण वा झोपडपट्टीतील वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या मुदतीत अंगणवाडी दिली पाहिजे. अर्ज लेखी करावा आणि त्याची पोच घ्यावी.