लखनौचा आवाज : फितीवरून संगणकात

हिंदुस्थानी संगीताची विद्या मुख्यतः कानाने घेतली जाते आणि गळ्याने किंवा हाताने पुढे दिली जाते. गुरू निवर्तला म्हणजे त्याने शिष्याला जे दिले नसेल ते सारे त्याच्याबरोबरच नाहीसे होते. ही हानी टाळण्यासाठी विसाव्या शतकात दोन उपाय योजले गेले. एक लेखनाचा आणि दुसरा ध्वनिमुद्रणाचा. लखनौ शहराचा या दोन्ही उपायांशी निकटचा संबंध आला.

पहिल्या उपायाचे श्रेय पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे जाते. मुंबईच्या या वकिलाने निरनिराळ्या घराण्यांतील चिजा मिळवून त्या स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. १९२६ साली त्यांच्याच प्रयत्नांतून लखनौला संगीत विद्यालय उभे राहिले. प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याचे प्राचार्यपद अनेक वर्षे सांभाळले. पुढे या संस्थेला भातखंड्यांचे नाव देण्यात आले व आज ती विश्वविद्यालय झाली आहे.

स्वरलिपी कोणता स्वर कोणत्या मात्रेवर पडतो हे अचूक सांगते. परंतु आवाजाची जात, मींडेचा उतार, तबल्याच्या बायावरील तळहाताचा दाब या गोष्टी तिच्या पकडीत येत नाहीत. तेथे दुसरा उपाय, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा, आवश्यक ठरतो. १९३८ साली लखनौला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. परंतु त्या काळी बहुतेक गाणे प्रत्यक्ष प्रक्षेपित होई आणि ऐकता ऐकताच हवेत विरून जाई. आवाज साठवून ठेवणे सर्वसामान्य अभ्यासकाच्या आवाक्यात आले ते हातात नेता येण्याजोगी यंत्रे निघाल्यानंतर.

फितीवर आवाज कसा राहतो

१९५१ साली स्टेफान कुडेल्स्की यांनी स्वित्झर्लंडमध्ये ‘नाग्रा’ हा खांद्यावरून नेता येणारा ध्वनिमुद्रक तयार केला. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणली आणि ध्वनिमुद्रण घरोघरी पोहोचले. या दोन्ही यंत्रांचे तत्त्व एकच आहे. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चुंबकीय भुकटीचा लेप बंधकद्रव्याच्या साहाय्याने बसविलेला असतो. ध्वनिग्राहकातून आलेला विद्युत्प्रवाह यंत्राच्या शीर्षातून वाहतो आणि त्याच्या चढउताराप्रमाणे सरकत्या पट्टीवरील कण कमीअधिक चुंबकित होतात. हीच पट्टी पुन्हा शीर्षासमोरून नेली म्हणजे उलट क्रिया घडते व आवाज परत मिळतो. रिळाची फीत ६.३५ मि.मी. रुंद असते; कॅसेटची अवघी ३.८१ मि.मी. असून ती सेकंदाला ४.७६ से.मी. या मंद गतीने सरकते. इतक्या चिंचोळ्या जागेत साठविलेला आवाज नाजूक असणार हे उघड आहे.

फितीचे आयुष्य मर्यादित असते. बंधकद्रव्य हवेतील ओलावा शोषून चिकट होते, लेप सुटू लागतो, बुरशी धरते. लखनौसारख्या ठिकाणी, जेथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि लगेच पावसाळ्याचा दमटपणा येतो, तेथे कपाटात पडून राहिलेल्या फितींची हानी लवकर होते. त्याहूनही मोठी अडचण यंत्रांची आहे. चांगले रीळयंत्र आता सहजासहजी मिळत नाही, जुन्या यंत्रांचे सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत आणि ती दुरुस्त करणारे कारागीर थोडे उरले आहेत. म्हणून फितीवरील आवाज संगणकात उतरविणे हे काम वेळीच होणे आवश्यक आहे.

पाऊण सेकंदाची स्मृती

संगणकाने लखनौच्या संगीतात प्रवेश केला तो मात्र आवाज साठविण्यासाठी नव्हे. १९८० नंतरच्या काही वर्षांत जेम्स किपेन हे ब्रिटिश अभ्यासक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. मॅरिस कॉलेजात तबला शिकविणारे आबिद हुसेन खाँ याच घराण्यातील. कायद्याचा विस्तार करताना उस्ताद असंख्य नवे पलटे सहज वाजवीत. त्यांतील कोणता शास्त्रशुद्ध व कोणता चुकीचा हेही ते तत्काळ सांगत. परंतु त्यामागील नियम शब्दांत मांडणे कठीण होते. किपेन आणि फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी यासाठी ‘बोल प्रोसेसर’ ही प्रणाली रचली. तबल्याचे बोल कळफलकावरून अक्षररूपाने संगणकात घालावयाचे, नियमांचे व्याकरण द्यावयाचे आणि संगणकाने त्यावरून नवे पलटे तयार करावयाचे, अशी ही रीत होती. ते पलटे जाणकार वादकांपुढे ठेवले जात. त्यांनी नापसंत केले की नियम बदलले जात.

या कामासाठी ॲपल कंपनीचा जो लहान संगणक वापरण्यात आला त्याची स्मृती १२८ किलोबाइट होती. आजच्या सीडीच्या दर्जाचा दोन वाहिन्यांचा आवाज साठविण्यास सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे त्या संगणकाच्या साऱ्या स्मृतीत जेमतेम पाऊण सेकंदाचे वादन मावले असते. ‘धा तिरकिट’ पूर्ण होण्यापूर्वीच जागा संपली असती. म्हणून संगणकाच्या वाट्याला बोलांची अक्षरे आली आणि नाद फितीवरच राहिला. आफाक हुसेन खाँ १९९० साली निवर्तले. नियम कागदावर राहू शकले. हात मात्र केवळ ध्वनिमुद्रणांतच उरला.

आवाजाचे आकडे

फितीवरील आवाज अखंड लाटेच्या रूपात असतो. संगणकाला मात्र आकडेच समजतात. त्यामुळे या लाटेची उंची ठराविक अंतराने मोजून प्रत्येक मोजणीचा आकडा लिहून ठेवावा लागतो. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते व प्रत्येक आकडा १६ द्विमान अंकांचा असतो. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो, आणि कोणताही नाद निःसंदिग्धपणे टिपण्यासाठी त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते. हे त्या संख्येचे कारण आहे.

जतनाच्या कामासाठी मात्र याहून वरचा दर्जा घेतला जातो. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सेकंदाला किमान ४८,००० मोजण्या व २४ अंक असा दर्जा सुचविला आहे; ९६,००० मोजण्या अधिक चांगल्या मानल्या जातात. या वरच्या दर्जाने दोन वाहिन्यांचा एक तासाचा आवाज सुमारे दोन गिगाबाइट जागा व्यापतो. आज ही जागा स्वस्त आहे. म्हणून मूळ प्रत एमपी३ सारख्या संक्षिप्त स्वरूपात ठेवू नये. या स्वरूपात कानाला सहसा न जाणवणारा भाग कायमचा गाळला जातो आणि तो पुन्हा मिळविता येत नाही. मूळ प्रत ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावी आणि ऐकण्यासाठी तिच्यावरून हलकी प्रत करावी.

फीत लावण्यापूर्वी

जुनी फीत मिळताच यंत्रावर चढविण्याची घाई करू नये. बुरशीचे पांढरे ठिपके, व्हिनेगरसारखा वास किंवा चिकटपणा आढळल्यास ती बाजूला ठेवून जाणकाराकडे द्यावी. चिकटलेली फीत जोराने ओढल्यास लेपासह आवाजही खरवडून निघतो. कॅसेटच्या मागच्या कडेवरील दोन लहान प्लॅस्टिकच्या जिभा मोडलेल्या आहेत की नाहीत हे पाहावे. त्या शाबूत असतील तर चुकून दाबलेल्या एका कळीने मूळ आवाज पुसला जाऊ शकतो. म्हणून आधी त्या मोडाव्यात. नंतर फीत एकदा पूर्ण पुढे व एकदा मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे तिचा ताण सारखा होतो.

यंत्राचे शीर्ष व दाबचक्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या कापसाने पुसावे. शीर्ष फितीशी नेमके काटकोनात नसेल तर तीव्र नाद मंद होतात. तबल्याच्या किनारीवरील ‘ना’ बोथट ऐकू येतो. शीर्षाशेजारील लहान स्क्रू फिरवून हा कोन प्रत्येक फितीगणिक जुळवावा लागतो. कारण महत्त्व आहे ते फीत ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्याच्या कोनाला, आदर्श कोनाला नव्हे. गतीचीही अशीच गोष्ट आहे. खेड्यापाड्यांत किंवा मैफलीत मुद्रण करताना बॅटरी उतरली असेल तर फीत मंद चालली असेल आणि आता योग्य गतीने वाजविल्यास गायकाचा षड्ज चढलेला ऐकू येईल.

जोडणी आणि पातळी

वाजविणाऱ्या यंत्राच्या ‘लाइन आउट’ या छिद्रातून निघालेली तार संगणकाला जोडलेल्या रूपांतरकाच्या ‘लाइन इन’ छिद्रात घालावी. ध्वनिग्राहकासाठी असलेले छिद्र वापरल्यास घोटाळा होतो. ते काही सहस्रांश व्होल्टच्या क्षीण प्रवाहासाठी बनविलेले असते व यंत्रातून येणारा प्रवाह त्याच्या शेकडो पट प्रबळ असतो. परिणामी आवाज फाटतो. दोन्ही उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणच्या विजेवर चालत असतील तर सेकंदाला पन्नास कंपनांची अखंड घरघर मिसळते. दोन्ही एकाच फळीवर जोडल्यास ती बहुधा जाते.

पातळी ठरविणे हे सर्वांत जोखमीचे काम होय. फितीवर मुद्रण करताना पातळी थोडी ओलांडली तरी आवाज किंचित खरखरीत होतो इतकेच. संगणकात मात्र आकड्यांची कमाल मर्यादा ओलांडताच लाटेचा माथा सपाट कापला जातो. ठुमरीत हळूहळू चढणारा गळा आधी कल्पना देतो. तबल्याचा आघात मात्र काही सहस्रांश सेकंदांत शिखर गाठतो. म्हणून फितीतील सर्वांत जोरदार भाग आधी वाजवून पाहावा आणि शिखर कमाल मर्यादेच्या सुमारे सहा डेसिबल खाली राहील अशी पातळी बांधावी.

यानंतर फीत आरंभापासून अखेरपर्यंत तिच्या स्वाभाविक गतीने वाजवावी. एका तासाच्या फितीला एक तास लागतो. येथे जवळची वाट नाही. या काळात कोणीतरी ऐकत बसणे आवश्यक आहे. सुरुवातीचे तंबोरा जुळविणे, मधला खोकला, उस्तादांनी शिष्याला दिलेली सूचना यांपैकी काहीही कापू नये. सरसर कमी करण्याचे उपचार मूळ प्रतीवर कधीही करू नयेत. ते वेगळ्या प्रतीवर करावेत. आज निरुपयोगी वाटणारी कुजबुज उद्याच्या अभ्यासकाला मोलाची ठरू शकते.

ज्या यंत्रांत आकडेच आहेत

१९८७ साली अंकीय फीत आणि १९९२ साली मिनीडिस्क आली. यांत आवाज मुळातच आकड्यांच्या रूपात असला तरी काम सोपे होत नाही. मिनीडिस्कच्या अनेक यंत्रांना संगणकाची तार जोडता येई. परंतु ती संगणकातून तबकडीकडेच गाणे नेई. स्वतः केलेले ध्वनिमुद्रण उलट दिशेने काढण्याची सोय २००४ नंतरच्या यंत्रांत झाली. त्याआधीच्या यंत्रांतून आवाज फितीप्रमाणेच तासाला तास वाजवून घ्यावा लागतो. या दोन्ही यंत्रांचे उत्पादन आता बंद झाले आहे.

आजचे खिशात मावणारे ध्वनिमुद्रक स्मृतिपत्रावर थेट फाइल लिहितात. ती संगणकात घेणे म्हणजे केवळ नक्कल करणे होय आणि तासाचे काम मिनिटात होते. येथे धोका वेगळा असतो. नक्कल पूर्ण झाली, ती उघडते आणि अखेरपर्यंत वाजते याची खात्री होण्यापूर्वीच स्मृतिपत्र पुसले जाते. फीत वर्षानुवर्षांत झिजते. फाइल एका कळीने नाहीशी होते. निदान तीन प्रती कराव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत असावी, हा नियम अनेक ठिकाणी पाळला जातो.

नोंद आणि अधिकार

गाणारा कोण, वाजविणारा कोण, जागा कोणती, दिवस कोणता हे माहीत नसेल तर संगणकात उतरलेला आवाज अनाथ ठरतो. कॅसेटच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळीही म्हणून जपल्या पाहिजेत. खोक्याचे छायाचित्र फाइलसोबत ठेवावे. या बाबतीत महाराष्ट्रातील उदाहरण बोलके आहे. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण ‘बोल प्रोसेसर’चे कर्ते बर्नार्ड बेल यांनीच अंकीय फितीवर केले. ओवी गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव नोंदलेले असल्यामुळे वीस वर्षांनी कार्यकर्ते पुन्हा त्या गावी जाऊन तिला वा तिच्या लेकीसुनांना भेटू शकले.

शेवटचा प्रश्न अधिकाराचा आहे. घराण्यातील काही रचना केवळ वारसाला किंवा निवडक शिष्याला देण्याची प्रथा जुनी आहे. उस्तादाने एका विद्यार्थ्यावरील विश्वासापोटी फितीवर जे वाजविले ते जगभर पसरविण्याची त्याची संमती होती असे गृहीत धरता येत नाही. फीत कपाटात होती तोवर हा प्रश्न उद्भवत नव्हता. संगणकातील फाइल मात्र क्षणात कोठेही जाते. पुण्यात १९८२ साली स्थापन झालेल्या व पुढे दिल्ली परिसरात गेलेल्या लोकसंगीतशास्त्राच्या संग्रहाने ध्वनिमुद्रणे देणाऱ्याचे व कलावंतांचे हक्क लेखी ठरविण्याची पद्धत पाडली. घरगुती संग्रहालाही ती अनुसरता येईल. कलावंत किंवा त्याचे वारस हयात असतील तर त्यांना विचारावे आणि पहिली प्रत त्यांच्या हाती द्यावी. ज्यांच्या घरातून हा आवाज निघाला त्यांच्या घरी तो पुन्हा ऐकू आला, म्हणजेच हे काम पूर्ण झाले असे म्हणता येईल.