अक्षता पडण्यापूर्वी

विवाहविधी म्हटला की अंतरपाट, मंगलाष्टके आणि सप्तपदी डोळ्यांसमोर येतात. परंतु महाराष्ट्रातील लग्नघर त्याच्या कितीतरी आधी जागे झालेले असते. अक्षता पडण्यापूर्वीच्या बहुतेक आचारांत भटजींचा वाटा थोडा, आणि घरातील स्त्रियांचा व भावकीचा मोठा असतो. समाज समजून घेण्यास म्हणूनच ते अधिक उपयोगी पडतात.

प्रथम बैठक बसते व ‘याद्या’ होतात. मानपान कोणाचा, खर्च कोणाकडे, हे कागदावर येते. हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले. तरीही ‘हौस’ या गोंडस नावाखाली तो याच बैठकीत शिरतो, हे आपण सारे जाणतो. मग साखरपुडा होतो आणि सोयरीक चारचौघांत जाहीर होते. पुढे आप्तेष्ट केळवणे करतात.

मुहूर्ताच्या दिवशी सवाष्णी आंब्याची डहाळी बांधलेल्या मुसळांनी हळकुंडे कुटतात, जाते पूजतात, ओव्या म्हणतात. आज पीठ गिरणीतून आणि हळद दुकानातून येते, त्यामुळे हा विधी नावापुरता वाटतो. पण एके काळी लग्नाच्या पंक्तींचे दळणकांडण शेजारणींच्याच हातांनी होत असे. मदतीला हाक मारण्याची ती रीत होती.

देवकाचा अर्थ ज्ञातीप्रमाणे बदलतो. ब्राह्मणांत पुण्याहवाचन, मातृकापूजन व नांदीश्राद्ध यांसह देवक बसवतात. मराठा व इतर अनेक समाजांत कळंब, पंचपल्लव, मोरपीस अशी कुळाची देवके असतात, आणि एकाच देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही. म्हणजे देवक ही कुळाची ओळखही आहे.

शेवटी हळद. वराला लावून उरलेली उष्टी हळद वधूकडे जाते. मात्र ती लावण्याचा मान सवाष्णींचा! जिने एकटीने राबून मुलीला वाढवले, शिकवले, त्या विधवा आईने त्या वेळी मागे उभे राहायचे. याला धर्म म्हणायचे काय? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील सातवे कलम रूढ विधींना मान्यता देते; सप्तपदी जेथे विधीचा भाग असते तेथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. हळद कोणी लावली, हे कायदा विचारीत नाही. ते आपणच विचारतो.

रूढी बदलू शकते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले.

हे आचार माणसे जोडण्यासाठी निर्माण झाले. म्हणून ते टाकून देण्याचे कारण नाही; वगळलेल्या हातांना त्यांत सामावून घेण्याचे मात्र आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी उद्या हळद लागेल. पहिले बोट आईचे असावे, एवढा आग्रह तरी आपण धरू या.