पाठीला जोडलेलं घर

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला आय-70 महामार्ग रॉकी पर्वत चढत आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे 3,400 मीटर उंचीवर पोहोचतो. उन्हाळी सुट्टीत त्याच्या उजव्या मार्गिकेतून चालती घरं सावकाश वर सरकत असतात. पुढे पिकअप, मागे ट्रॅव्हल ट्रेलर, आणि त्यात स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर, पाण्याची टाकी. दोघांना जोडणारा पोलादी गोळा असतो दोन-अडीच इंच व्यासाचा. एवढ्याशा गोळ्यावर किती बलांची ओढाताण चाललेली असते हे समजलं, की त्या संथ वाहनांबद्दल आदर वाटू लागतो.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते वेगाचं गणित. बाजूने मोठा ट्रक गेला किंवा वाऱ्याचा झोत आला, की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलतो. कमी वेगात टायरांची पकड ते झुलणं जिरवते. दुसरा झोका पहिल्याहून लहान, तिसरा त्याहून लहान. वेग वाढतो तशी ही जिरवण्याची ताकद घटत जाते आणि एका ठरावीक वेगाला ती संपतेच. त्यापुढे प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा! ताशी 90 किलोमीटरला शहाण्यासारखा मागे येणारा ट्रेलर 110ला काही क्षणांत ओढणाऱ्या गाडीलाच रस्त्याबाहेर नेऊ शकतो.

तो घातक वेग किती, हे बरंचसं सामान कसं भरलंय यावर ठरतं. बैलगाडी भरणाऱ्याला हे उपजतच कळतं. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणून थोडा भार जुवावर येऊ द्यायचा. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार जोडणीवर असावा, असा अमेरिकेतला प्रघात आहे. म्हणजे तीन टनांच्या ट्रेलरला 300 ते 450 किलो. मागच्या टोकाला टांगलेल्या सायकली आणि जड पेट्या हा भार हलका करतात आणि धोक्याचा वेग खाली आणतात.

ट्रेलर झुलू लागला की घाबरून गाडीचा ब्रेक करकचून दाबावासा वाटतो. नेमकं तेच टाळायचं. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डजवळच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे. मागून ओढ बसली की दोन्ही वाहनं एका रेषेत येतात.

चढावर हवा विरळ होत जाते. टर्बो नसलेलं इंजिन बोगद्याच्या उंचीवर जवळपास एक तृतीयांश ताकद गमावतं, तेही सर्वांत जास्त ओझं ओढायचं असताना. पण खरी परीक्षा उतारावर. गाडी आणि ट्रेलर मिळून साडेपाच टन धरा. सहा टक्के उताराचा दहा किलोमीटर रस्ता म्हणजे 600 मीटर खाली येणं. तेवढ्यात सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. साध्या तापमानाचं 95 लिटर पाणी उकळीला आणायला ती पुरेल! हवेचा विरोध त्यातला काही भाग घेतो. उरलेली सगळी ब्रेकवर सोपवली तर ते तापून निकामी होतात. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनला गाडी धरून ठेवू द्यायची. भरकटलेल्या ट्रकांना थांबवणारे खडीचे चढ या रस्त्यालगत बांधले आहेत, ते उगाच नव्हे.

सपाटीवरही घाई महागच पडते. वेग 90वरून 110वर नेला तर नुसती हवा कापायला सुमारे 80 टक्के जास्त शक्ती लागते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची मर्यादा आहे. ट्रेलरचे बरेच टायरही ताशी 65 मैलांपर्यंतच चालवण्यासाठी बनवलेले असतात.

तेव्हा अमेरिकेत असा ट्रेलर भाड्याने घेणार असाल, तर सामान भरून झाल्यावर ट्रक थांबतात तिथल्या काट्यावर एकदा वजन करून घ्या. आणि नकाशा पाच तास सांगत असेल, तर मुक्कामाचं आरक्षण सात तासांच्या हिशेबाने करा.