सेकंदाला पंचवीस कोटी कोटी

हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या हाडांतल्या मज्जेने एक कोटीच्या आसपास नव्या तांबड्या पेशी रक्तात सोडलेल्या असतील. वेग सेकंदाला साधारण २३ लाख. एकेक पेशी जेमतेम साडेसात मायक्रॉन रुंद. पण एका सेकंदात जन्मलेल्या पेशी एकीला एक लावून ठेवल्या तर १७ मीटर लांब ओळ होते.

पेशींचा हा आकडा मला तसा किरकोळच वाटतो. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत हीमची चार वलयं. वलयाच्या मधोमध लोहाचा एकच अणू, आणि प्राणवायू येऊन बसतो तो त्याच्यावरच. आता गुणाकार करा: सेकंदाला सुमारे २५ कोटी कोटी हीम, म्हणजे २५ वर १४ शून्यं. एक हीम घडवायला ग्लायसीनचे आठ रेणू लागतात आणि आठ एन्झाइमांच्या हातांतून जावं लागतं. मग या साऱ्याला दिवसाला लोह किती लागत असेल? फक्त २० ते २५ मिलिग्रॅम. त्यातलंही जेवणातून येतं एक-दोन मिलिग्रॅम. बाकीचं सगळं १२० दिवसांचं आयुष्य संपलेल्या पेशी मोडून परत मिळवलेलं.

एवढ्या प्रचंड कामाचा हुकूम देतं कोण? किडनी. तिच्यातल्या काही पेशी रक्तातला प्राणवायू जोखतात आणि त्या मानाने एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तद्रवातलं हे संप्रेरक गोळा केलं तर एक मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. मज्जेतल्या कोवळ्या पेशींना ते मिळालं नाही, तर त्या हीम बनवण्याच्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत, आधीच मरतात.

किडनी वर्षानुवर्षं झिजत गेली की मोठा घाव या संप्रेरकावरच बसतो. गंमत अशी की अशा रुग्णाच्या रक्तातलं एरिथ्रोपोएटिन तपासलं तर पुष्कळदा ते ‘नॉर्मल’ निघतं. पण हिमोग्लोबिन ७ वर आलेल्या, किडनी धड असलेल्या माणसात ते शंभरपट किंवा त्याहूनही वाढलेलं असतं. म्हणजे इथे नॉर्मल आकडा हाच रोग. त्यात शरीरात साठलेल्या विषारी द्रव्यांमुळे तांबड्या पेशींचं आयुष्य घटतं. १२० दिवसांऐवजी ८० धरले, तर संख्या नुसती टिकवायलाच दीडपट उत्पादन हवं. धडधाकट मज्जा वेळ पडली तर पाच-सहापट काम करते, पण तिला तसं सांगणारंच कोणी उरलेलं नसतं.

ज्या पेशी तरतात, त्यांच्यातही हीमचं काम अडखळतं. पहिल्या एन्झाइमला ब-६ जीवनसत्त्व लागतं आणि डायलिसिसवरच्या रुग्णांत ते बऱ्याचदा कमी असतं. जस्तावर चालणारं दुसरं एन्झाइम, जे शिशाच्या विषबाधेतही लुळं पडतं, ते युरेमियातही, म्हणजे किडनी निकामी होऊन विषारी द्रव्यं रक्तात साठतात तेव्हाही, मंदावलेलं आढळतं. शेवटच्या पायरीवर तयार वलयात लोह बसवायचं, तर तिथे लोहच पोचत नाही. हेप्सिडिन हे अवघ्या २५ अमिनो आम्लांचं संप्रेरक किडनी निकामी झाल्यावर रक्तात साचतं आणि लोहाच्या कोठारांना कुलूप लावतं. कोठार भरलेलं, मज्जा उपाशी! शिवाय डायलिसिसच्या नळ्यांत राहून जाणारं आणि तपासण्यांसाठी काढलेलं रक्त धरून वर्षाला एक ते तीन ग्रॅम लोह जातं. शरीरातला एकूण साठा असतो तीन-चार ग्रॅमचा.

एरिथ्रोपोएटिन हाती लागलं तो हिशेबही असाच चक्रावणारा आहे. जपानमधल्या कुमामोतोचे ताकाजी मियाके यांनी मज्जा निकामी झालेल्या रुग्णांचं २,५५० लिटर मूत्र जमवलं आणि आटवून वाळवलेला ऐवज शिकागोला युजीन गोल्डवॉसर यांच्याकडे नेला. १९७७ साली त्यातून शुद्ध एरिथ्रोपोएटिन निघालं ते मोजकेच मिलिग्रॅम. तेवढ्यावरून पुढे फू-कुएन लिन यांनी त्याचं जनुक शोधलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्यावरून बनवलेल्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. तोपर्यंत किडनीच्या रुग्णांना वारंवार रक्त चढवण्यावाचून फारसा इलाज नव्हता.

मग द्यावं भरपूर आणि हिमोग्लोबिन सरळ १३ वर न्यावं, असं कोणालाही वाटेल. मधुमेह आणि किडनीविकार असलेल्या ४,०३८ रुग्णांवर नेमकं हेच करून पाहिलं गेलं. २००९ साली निकाल आला: १३ चं लक्ष्य ठेवलेल्या गटात पक्षाघाताचे झटके १०१, तसं लक्ष्य नसलेल्या दुसऱ्या गटात ५३. त्यामुळे आता डॉक्टर बहुतेक रुग्णांत १० ते साडेअकराच्या दरम्यानच थांबतात आणि इंजेक्शनच्या आधी लोह पुरेसं आहे ना, ते तपासतात.