बिदरच्या बाजारातला रशियन

बिदर म्हटले की महमूद गवानचा मदरसा आठवतो. तो 1472 साली पुरा झाला. त्याच सुमारास या शहरात एक रशियन आपला घोडा विकायला आला होता. नाव अफानासी निकितिन, गाव व्होल्गाकाठचे त्वेर.

घर सोडले आणि वाटेतच तातारांनी लुटले. रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा गडी पुढेच निघाला. इराण ओलांडून, होर्मुझला गलबतात घोडा चढवून चौलला उतरला. जुन्नरच्या सुभेदाराने घोडा हिरावला. मुसलमान हो, म्हणजे परत मिळेल, ही अट! एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले.

वर्षभर चारा घालून त्याने तो बिदरला विकला. व्यापारी म्हणून कच्चाच म्हणायचा! पण त्याची नजर पाहा. आळंदच्या उरुसातला घोडेबाजार त्याने टिपला. पुढे गुलबर्गाही पाहिले. आपण ख्रिस्ती आहोत हे सांगितल्यावर इथल्या हिंदूंनी जेवणखाण, पूजाअर्चा काहीच लपवले नाही, असे तो लिहितो. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या यात्रेलाही गेला.

लुटीत त्याच्या पोथ्याही गेल्या होत्या. ईस्टर कधी, हे त्याला अंदाजानेच ठरवावे लागे.

परतताना स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच तो वारला. वह्या मात्र मॉस्कोला पोहोचल्या.