खेड्याची चाल, वाद्यवृंदाचा घाट

संगीतकार ह्यूगो आल्व्हेन म्हटले की स्वीडनबाहेर एकच रचना आठवते: १९०३ सालची ‘मिडसोमार्व्हाका’, म्हणजे जूनमधल्या सर्वांत लहान रात्रीचा जागर. सुरुवातीला क्लॅरिनेटवर येणारी तिची खट्याळ धून एखाद्या गावकऱ्याच्या तोंडून जशीच्या तशी उतरवून घेतल्यासारखी वाटते. १९५३ साली पर्सी फेथच्या वाद्यवृंदाने ती तबकडीवर आणली आणि अमेरिकेतही ती घरोघरी पोचली. या लोकप्रियतेने आल्व्हेनवर अन्यायच केला. लोकधुनांना दागिने चढवणारा कारागीर, एवढीच त्याची ओळख उरली. माझ्या मते त्याचे काम याच्या उलट आहे. त्या धुनांत जे मुळातच होते, ते त्याने अभिजात बांधणीच्या बळावर वर आणले.

१८७२ साली स्टॉकहोममध्ये जन्मलेला आल्व्हेन तिथल्या राजदरबारी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा आणि योहान लिंडेग्रेनकडे काउंटरपॉइंट शिकला. दोन-तीन स्वतंत्र चाली एकाच वेळी, कुणाचाही तोल न जाता चालवण्याची ही कला. एका वेळी एकच चाल ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना ती जरा उशिरा उमगते. दालार्ना प्रांतातल्या वादकांत एकाने मूळ चाल धरायची आणि दुसऱ्याने तिच्याशी दुसरी गुंफायची, अशी रीत आहे. ‘मिडसोमार्व्हाका’त नाचाच्या चाली एकमेकींवर चढत जातात, तेव्हा हीच गुंफण मोठ्या आवाक्यात ऐकू येते.

यावर एक आक्षेप खरा आहे. ‘पोल्स्का’ हा तिथला नाच तीन मात्रांचा, पण कित्येक ठिकाणी त्या मात्रा समान नसतात. गाव बदलले की झोल बदलतो. शिवाय गावच्या व्हायोलिनवर पियानोच्या पट्ट्यांमधले स्वरही लागतात. वाद्यवृंदात हे सपाट होते, आणि ते नुकसान नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणून गावचा वादक मुका झाला नाही. चित्रकार आंडेर्श सोर्न याने १९०६ साली येसुंडा इथे लोकवादकांची स्पर्धा भरवली, त्यानंतर धुनांचे रीतसर संकलन सुरू झाले. ती परंपरा स्वतःच्या वाटेने चालत राहिली. राजधानीतल्या माणसाने खेड्याचे गोड चित्र रंगवले, हा दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. १९१० ते १९४७ अशी सदतीस वर्षे आल्व्हेन उप्सालाच्या ‘ऑर्फेई ड्रेंगार’ या पुरुषगायकवृंदाचा संचालक होता, आणि गायकवृंदांसाठी त्याने बांधलेली लोकगीते स्वीडनमध्ये आजही गायली जातात. दालार्नातल्याच लेक्सांडजवळच्या तिब्ले गावातले त्याचे अखेरचे घर तर लोकवर्गणीतून उभे राहिले. आणि गोड चित्रच रंगवायचे असते, तर १९३१ सालची ‘दालारॅप्सोडी’ इतकी उदास झाली नसती. तिच्यातल्या एकाकी सुरासाठी त्याने निवडला सोप्रानो सॅक्सोफोन: ना खेड्यातला, ना सिम्फनीच्या जुन्या घराण्यातला.