जबड्यातली गाठ आणि धुक्यात अडकलेलं विमान

१९५७ साली युगांडात कंपालाच्या मुलागो रुग्णालयात आयरिश सर्जन डेनिस बर्किट यांनी एक मूल तपासलं. त्याचा जबडा दोन्ही बाजूंना, वर-खाली सुजला होता. लवकरच तसंच दुसरं मूल दिसलं आणि बर्किट यांना स्वस्थ बसवेना. १९६१मध्ये दोन डॉक्टर मित्रांसह त्यांनी मोटारीने आफ्रिकेत सुमारे १० हजार मैल पालथे घातले. दवाखान्यादवाखान्यांत एकच चौकशी : अशी मुलं इथे येतात का? उत्तरांतून नकाशा उमटला. जिथे हिवताप, तिथे हा लिम्फोमा, म्हणजे लसीका-पेशींचा कर्करोग. थंड, उंच डोंगराळ भागात तो जवळपास नाहीच.

त्याच वर्षी लंडनमध्ये बर्किट यांचं व्याख्यान ऐकून संशोधक अँथनी एपस्टाइन यांच्या मनाने घेतलं, की यामागे विषाणू असणार. युगांडातून गाठींचे तुकडे विमानाने येऊ लागले. दोन वर्षं हाती काहीच लागलं नाही. डिसेंबर १९६३मध्ये धुक्यामुळे असंच एक विमान मँचेस्टरला वळवलं गेलं. उशिरा पोचलेल्या नमुन्यातला द्रव गढूळ दिसत होता. जंतूंनी नासला म्हणून तो फेकता आला असता. एपस्टाइन यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात कर्कपेशी सुट्या होऊन जिवंत तरंगत होत्या! त्यांतून वाढवलेल्या पेशींत १९६४मध्ये एपस्टाइन आणि त्यांचे सहकारी बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांना विषाणू सापडला : एपस्टाइन-बार.

जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू आयुष्यभर निमूट राहतो. मग कर्करोग इतक्या थोड्यांनाच का? कारण एकटा विषाणू पुरत नाही. वारंवारच्या हिवतापाने बी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सतत विभागत राहतात. त्या धांदलीत आठव्या गुणसूत्रावरचं ‘मिक’ जनुक तुटून भलत्याच जागी, बहुधा चौदाव्यावर, जोडलं जातं आणि पेशीच्या वाढीला धरबंध उरत नाही. अशी बिघडलेली पेशी एरवी मेली असती. विषाणू तिला जगवतो.

लिम्फोमामागे विषाणू असू शकतो, हे ज्ञान काही लिम्फोमांत थेट उपचाराच्या कामी आलं आहे. हिपॅटायटिस सीशी जोडलेले प्लीहेचे काही मंदगती लिम्फोमा निव्वळ विषाणूविरोधी औषधांनी ओसरतात.

आपल्याकडे मानेतली गाठ म्हणजे क्षयाची, असं पटकन धरलं जातं. अनेकदा ते खरंही असतं, पण लिम्फोमाची गाठही तशीच दिसते. तीन-चार आठवड्यांत गाठ बसली नाही, तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी बायोप्सी सुचवली तर टाळू नका. रुग्णाजवळ बसायला, जेवायला मात्र बिचकू नका. लिम्फोमा संसर्गाने पसरत नाही.